पालखीतून पाहिलेलं राज्य

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती. लोक त्यांना नुसतं अलीकडचा आणि पलीकडचा म्हणत आणि तेवढ्यावर भागत असे. लहानांनो, ऐका. आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

त्या डोंगरांच्या मुलखात एक लहानसं राज्य होतं. उंच कड्यावर किल्ला, खाली नदी आणि नदीकाठाने वसलेली गावं. राजा भला होता, राणी शहाणी होती. त्यांना एक मुलगा होता आणि त्यानंतर जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी. घटकाभर आधी आलेल्या मुलाचं नाव ठेवलं मकरंद, मुलीचं मंजरी.

जुळी पाळण्यात असतानाच घरावर घाला पडला. थोरला राजपुत्र एका पोपटामागे धावत किल्ल्याच्या पायऱ्यांवर गेला आणि तिथून पडला. तो पुन्हा उठला नाही. राजाने त्या दुःखाने अंथरूण धरलं आणि वर्षाच्या आत तोही गेला. राणीच्या हातात राज्य उरलं, आणि पाळण्यात दोन जीव.

तिने मकरंदला छातीशी धरलं आणि मनाशी ठरवलं, की या मुलाचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही.

आणि तिने ते पाळलं. मकरंद दायांच्या कडेवर वाढला. चालायचं वय झालं तेव्हा राणीने महालातलं एक दालन गाद्यांनी भरून टाकलं. कोपऱ्यांना लोड लावले, उंबरा काढून टाकला. तिथे तो चालायचा, धावायचा, हवं तेव्हा पडायचाही, आणि पडलं तर हसायचा, कारण लागत कधीच नसे. पण त्या दालनाबाहेर तो निघाला की पालखीतूनच. पाण्याचं भांडं हवं असेल तर कोणीतरी ते त्याच्या तळहातावर ठेवत असे. फळ हवं असेल तर कापून, सोलून, बोटांत देत असे.

मंजरीसाठी मात्र कोणी असं काही ठरवलं नाही. तिला कोणी उचललं नाही, कोणी अडवलंही नाही.

राणीला एक गोष्ट ठाऊक होती. ज्याला राज्य करायचं आहे त्याने राज्य पाहिलेलं असलं पाहिजे. तिने दरबारातल्या पंडितांना विचारलं, "मुलगा पालखीत बसूनच फिरला, तर त्याला सगळं नीट दिसेल ना?"

पंडित म्हणाले, "राणीसाहेब, डोळे म्हणजे तळं. काठावर झाड असलं की पाण्यात झाड पडतं. तळ्याला त्यासाठी काही करावं लागत नाही."

राणीला ते पटलं. तिने पालखीचे पडदे काढून टाकले. दर वर्षी सुगी संपली की पालखी निघायची आणि राज्यभर फिरायची. गावं, शेतं, बाजार, घाट, देवळं, सगळं मकरंदच्या डोळ्यांसमोरून जायचं. आणि पालखीच्या बाजूने, दांड्याला हात लावून, मंजरी चालायची. तेच रस्ते, तीच झाडं, तेच डोंगर. पालखीत जे दिसत होतं ते तिलाही दिसत होतं. फरक एवढाच, की तिच्या पायांत काटे जायचे.

एकदा लहान असताना तिने विचारलं होतं, "आईसाहेब, मी पण बसू का दादाजवळ? थोडा वेळ."

राणी म्हणाली, "तू चालतेस ना छान."

मंजरी पुन्हा कधी विचारायला गेली नाही.

मकरंद मनाने चांगला होता आणि बुद्धीने तल्लख. त्याला प्रत्येक गावाचं नाव पाठ होतं. कुठल्या देवळाचा कळस कसा आहे, कुठल्या घाटात पळस फुलतो, कुठल्या गावच्या बायका हिरवी लुगडी नेसतात, हे तो बसल्या जागी सांगायचा. ऐकणारे तोंडात बोट घालायचे. "राजपुत्राच्या नजरेतून काही सुटत नाही," असं गावोगाव बोललं जायचं.

एका उन्हाळ्यात पालखी एका आमराईत थांबली. वरच्या फांदीला एक पाडाला आलेला आंबा लोंबत होता. मकरंदने हात पुढे केला आणि मूठ मिटली. मुठीत काही नव्हतं. आंबा दोन पुरुष उंचीवर होता. त्याने पुन्हा हात पुढे केला, पुन्हा मूठ मिटली, आणि मग तो आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. भोई हसले. त्यांना वाटलं, धाकटे महाराज गंमत करताहेत. भोयांचा म्होरक्या धुळोजी झाडावर चढला आणि त्याने आंबा काढून त्याच्या हातात दिला.

मंजरी हसली नाही. तिने भावाचा चेहरा पाहिला होता आणि त्यावर गंमत कुठेच नव्हती.

ती त्या दिवसापासून लक्ष ठेवू लागली. दूरच्या माळावर गुराखी दिसला की मकरंद म्हणायचा, "केवढासा माणूस." तोच गुराखी जवळ आला की म्हणायचा, "आता मोठा झाला." सगळे याला त्याची बोलायची लकब समजत. मंजरीच्या मात्र लक्षात आलं, की दादा जे म्हणतो ते त्याला खरोखरच तसं दिसतं.

तिने आईला सांगितलं, "आईसाहेब, दादाला रंग दिसतात, आकार दिसतात. पण काय जवळ आहे आणि काय लांब, हे त्याला कळत नाही. त्याला खाली उतरू द्या. थोडं चालू द्या."

राणीचा चेहरा कठीण झाला. "भावाचा मत्सर करू नये, मंजरी. त्याला पालखी मिळाली आणि तुला नाही, म्हणून तू त्याच्यात खोड काढतेस."

मंजरीला हे इतकं लागलं, की तिने तो विषय मनातच गाडून टाकला. पुढे कितीतरी वर्षं ती त्यावर एक शब्द बोलली नाही.

वर्षं गेली. राणीचे केस पिकले. मकरंद गादीवर बसला. लोकांना तो आवडायचा, कारण तो प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा आणि रागावून कधी बोलायचा नाही. फिर्यादी पालखीजवळ येत, तो निवाडा सांगे, पालखी पुढे जाई. राज्य ठीक चाललं होतं. समोर सारं ठीक असतं तोवर कोणाला किती दिसतं हे कळून येत नाही.

मग एक असा चैत्र आला, की पाऊस पडून गेला होता हे कोणाला खरं वाटू नये. गवत वाळून काड्या झालं होतं. नदीत वाळू उरली होती आणि मधोमध पाण्याची एक ओळ. खाली गावांत खळी भरलेली होती. वर्षाचं धान्य उघड्यावर पडलं होतं आणि मळणी अर्धी राहिली होती.

एका सकाळी गावातला एक माणूस धापा टाकत किल्ल्यावर आला. "महाराज, धुराचा वास येतोय. खालून आम्हाला अलीकडच्या डोंगराची नुसती पाठ दिसते, तिच्यामागे काय आहे ते कळत नाही. तुम्ही उंचावर आहात. वणवा किती लांब आहे तेवढं सांगा. पाटलांनी विचारलंय, गाव सोडावं का?"

मकरंदची पालखी बुरुजावर नेली. सोबत राणी होती, धुळोजी होता, पहारेकरी होते. मकरंदने समोर पाहिलं. डोंगरावर एक लाल रेघ होती, दोऱ्यासारखी बारीक, आणि तिच्यावर धूर.

"बारीकशी आहे," तो म्हणाला. "पलीकडच्या डोंगरावर आहे. यायला दोन दिवस लागतील. पाटलांना सांग, आधी धान्य आवरा. माणसं धान्यावाचून कुठे जातील? धान्य घरात आलं की मग ठरवू."

माणूस आनंदाने खाली पळाला.

पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाला वाटलं, आग अलीकडच्या डोंगरावर तर नाही? पण ज्या राजाच्या नजरेतून काही सुटत नाही त्याला कोण सांगणार? त्याने डोळे चोळले आणि आपलंच चुकलं असं मानलं.

मंजरी त्या वेळी किल्ल्याच्या मागच्या अंगाला झऱ्यावर होती. ती दुपारी वर आली आणि बुरुजावर गेली. तिने समोर पाहिलं आणि ती लगेच पालखीकडे वळली.

"खाली काय निरोप गेलाय?" तिने विचारलं.

मकरंदने सांगितलं.

"दादा, आग अलीकडच्या डोंगरावर आहे. दरी ओलांडून आली आहे ती. गावाला न दिसणाऱ्या उतारावर अर्धी वर चढली आहे. संध्याकाळच्या आत गावात शिरेल."

"कुठली दरी?" मकरंदने विचारलं.

"दोन डोंगरांच्या मधली."

मकरंदने पुन्हा समोर पाहिलं. "मधे काही नाही, मंजू. दोन्ही डोंगर एकमेकांना चिकटलेले आहेत. मला लहानपणापासून दिसतात."

राणी म्हणाली, "मंजरी, महाराजांनी निरोप दिला आहे."

तोच कठीण चेहरा, तोच आवाज. मंजरीला ते जुनं बोलणं आठवलं आणि क्षणभर तिला वाटलं, गप्प राहावं. मग तिने खाली पाहिलं. खळ्यांवर मुंग्यांसारखी माणसं पोती भरत होती. राजाचा शब्द पाळत होती.

तिने पाण्याचं फुलपात्र उचललं आणि पालखीसमोर धरलं. रोज ते त्याच्या तळहातावर ठेवलं जाई. आज तिने ते हातभर लांब धरलं आणि सांगितलं, "दादा, हे घे."

तिला हे सगळ्यांसमोर करायचं नव्हतं.

मकरंदने हात पुढे केला आणि बोटं मिटली. फुलपात्र त्याच्या बोटांपासून वीतभर दूर होतं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हात फार पुढे गेला, भांड्याला धक्का लागला आणि पाणी सांडलं.

राणीने तोंडाला पदर लावला.

मकरंद आपल्या ओल्या हाताकडे बघत राहिला. "आमराईत पण असंच झालं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटायचं, सगळ्यांचं असंच होतं. वस्तू कोणीतरी हातात देईपर्यंत कळतच नाही ती कुठे आहे." मग तो धुळोजीकडे वळला. "तुम्हाला दिसते का ती दरी?"

धुळोजीने मान खाली घातली. "दिसते, महाराज."

"मग सकाळी का बोलला नाहीत?"

"मला वाटलं, महाराजांना आमच्यापेक्षा जास्त दिसत असणार."

आता ऐका, कारण या गोष्टीतला सर्वांत अवघड क्षण हाच आहे. माणसाला आपल्या डोळ्यांहून जवळचा साक्षीदार नसतो. त्या साक्षीदारावर अविश्वास दाखवून दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं, तेही चार लोकांत, तेही राजा असताना, हे सोपं नाही. मकरंदने ते केलं.

"नगारा वाजवा," तो म्हणाला. "मंजू, तू पुढे धाव. त्यांना वाळूत ने, नदीच्या पात्रात. तिथे गवत नाही ना?"

"नाही. पण सकाळी तू थांबा म्हणालास. माझ्या शब्दावर ते वर्षाचं धान्य टाकतील का?"

"तू त्यांना तयार कर. शब्द मी दिला होता, तो मागे घ्यायला मी येतो."

मंजरी पायऱ्यांवरून धावत गेली. धुळोजी म्हणाला, "महाराज, पालखीची वाट डोंगराला वळसा घालून जाते. पोचायला रात्र होईल. पायऱ्यांवरून पालखी उतरत नाही."

"मला माहीत आहे," मकरंद म्हणाला आणि पालखीतून पाय बाहेर काढला.

राणी पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिथे ती वीस वर्षांत आली नव्हती. "इथून माझा एक मुलगा गेला आहे," ती म्हणाली. "दुसरा मी जाऊ देणार नाही."

"आईसाहेब," मकरंद म्हणाला, "खाली किती मुलं आहेत?"

राणीने खाली गावाकडे पाहिलं. मग ती बाजूला झाली. ती तटाला टेकून खाली बसली.

मकरंदने पायऱ्यांकडे पाहिलं. त्याला पायऱ्या दिसल्या नाहीत. दिसल्या त्या नुसत्या रेघा, एकाखाली एक ओढलेल्या, काळ्या आणि करड्या. त्याने पहिल्या रेघेवर पाय ठेवला. पायाखाली काहीच लागलं नाही आणि तो कोसळला. धुळोजी खालच्या पायरीवर आधीच उभा होता, त्याने त्याला अंगावर झेललं. मकरंदचे दोन्ही गुडघे फुटले. गादीखेरीज दुसऱ्या कशावर पडायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"लागलं का, महाराज?"

"लागलं," मकरंद म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुखण्यापेक्षा नवल जास्त होतं. "म्हणजे इथे खोली आहे."

तो खाली बसला. रांगणारं मूल उंबऱ्यावरून उतरतं तसा उतरू लागला. आधी हाताने कडा चाचपायची, मग पाय सोडायचा, मग पाय टेकला की वर बघायचं आणि खाली बघायचं. दगड खडबडीत होते. त्याच्या तळव्यांची साल निघाली. पण दर पायरीला तो आधी अंदाज करायचा, इतकं खाली असेल, आणि मग पाय त्याला सांगायचा, नाही, थोडं जास्त. पुढच्या पायरीला अंदाज जरा बरा यायचा. निम्म्यावर आल्यावर तो उठून उभा राहिला आणि धुळोजीच्या खांद्याला धरून चालू लागला. त्याचं कपाळ घामाने डवरलं होतं. तो एकदा पुन्हा पडला, आणि एकदा पडता पडता स्वतःच सावरला.

शेवटच्या पायरीवर त्याने वळून वर पाहिलं. वरून ज्या नुसत्या रेघा दिसल्या होत्या त्या आता पायऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक पायरीला पुढा होता, कडा होती आणि मागे तिची स्वतःची जागा होती. दगडात काहीच बदललं नव्हतं. त्याला रडू आलं, पण थांबायला वेळ नव्हता.

इकडे गावात मंजरीचं कोणी ऐकत होतं, कोणी नव्हतं. बायकांनी मुलं गोळा केली, म्हाताऱ्यांना बाहेर आणलं. ताईसाहेब लहानपणापासून त्यांच्या रस्त्यांवरून चालत आल्या होत्या, त्या उगाच सांगणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. पण पाटील आणि जाणती माणसं खळ्यावरून हलेनात.

पाटील म्हणाले, "ताईसाहेब, महाराजांचा शब्द सकाळीच आलाय. नगारा वाजतोय खरा, पण तो कशासाठी ते आम्हाला काय ठाऊक? वर्षाचं पोट टाकून पळालो आणि आग आलीच नाही, तर गुरं शिरतील, चोर नेतील. पोरांना खायला काय घालायचं?"

त्या विचारण्यात काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी रस्त्याकडे बोट दाखवलं. धुळोजीच्या खांद्याला धरून एक माणूस येत होता. धुळीने माखलेला, गुडघ्यांतून रक्त, पाय दर पावलाला अडखळणारे. तो जवळ आला तेव्हा लोकांनी त्याला ओळखलं आणि हातातली सुपं खाली ठेवली. त्यांनी आपल्या राजाला जमिनीवर उभं असलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"सकाळी मी सांगितलं ते चुकीचं होतं," मकरंद म्हणाला. "मला लांबचं आणि जवळचं कळत नाही. माझ्या बहिणीला कळतं. आग जवळ आली आहे. धान्य राहू द्या. माझ्या शब्दावर तुम्ही थांबलात, म्हणून जे जळेल ते किल्ल्यातून भरून देईन. आता ती सांगेल तिकडे चला."

यावर कोणी काही विचारलं नाही. ज्या राजाने स्वतःचं चुकलेलं सांगायला एवढ्या पायऱ्या उतरल्या, त्याचं न ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाटलांनी स्वतःच्या हाताने गोठ्याची दावी सोडली. माणसं निघाली, मुलं निघाली, गुरं निघाली.

नदीचं पात्र फार लांब नव्हतं, पण मकरंदला ती वाट जन्मभर लक्षात राहिली. चालताना त्याला दिसलं, की बांधावरची बोर झपाट्याने मागे जाते, तिच्यामागचं देऊळ सावकाश मागे जातं आणि डोंगर तर जवळजवळ जागचा हलतच नाही. तो थांबला की सगळं थांबायचं. तो डावीकडे झुकला की देवळामागून एक झाड बाहेर यायचं. त्याने पुन्हा झुकून पाहिलं, आणि पुन्हा. एखादं लहान मूल खुळखुळा हलवून बघतं, तसं तो जग हलवून बघत होता.

ते वाळूत पोचले आणि मागोमाग वणवा डोंगरावरून उतरला. आधी वारा आला, मग आवाज, मग खळी पेटली. आई-बापांनी मुलांची तोंडं ओल्या फडक्यांनी झाकली. आग काठापर्यंत आली, वाळू पाहून थबकली आणि तिथेच खाली बसली. गावातली बरीच घरं गेली. धान्य सगळं गेलं. एका म्हातारीने आपली कोंबड्यांची खुराडी उघडायची राहिली म्हणून फार शोक केला आणि तिला कोणी हसलं नाही. पण माणूस एकही गेला नाही.

धूर विरळ झाल्यावर भाऊ-बहीण वाळूत शेजारी बसले होते. मकरंद म्हणाला, "मंजू, एक सांग. आपण दोघं एकाच वेळी जन्मलो. तेच रस्ते, तेच डोंगर पाहिले. डोळे माझेही चांगले आहेत. मग तुला दिसलं ते मला का दिसलं नाही?"

मंजरीलाही ते पूर्ण ठाऊक नव्हतं. "तुला रस्ता दाखवला जायचा, दादा. मला तो काढावा लागायचा. पुढचा दगड किती लांब आहे हे मला ओळखावं लागे, नाहीतर ठेच लागे. ओढा किती रुंद आहे ते चुकलं तर पाण्यात पडायचे. दर ठेचेला डोळे काहीतरी शिकत असतील. तुला ठेच लागलीच नाही, तर तुझ्या डोळ्यांनी कशासाठी शिकावं?"

"आणि मला वाटायचं, डोळे उघडले की पाहून झालं."

"मलाही पालखीत बसायचं होतं," मंजरी म्हणाली. "फार वाटायचं तेव्हा."

संध्याकाळी राणी खाली आली. पायऱ्यांवरून, चालत, एका दासीच्या हाताला धरून. तिने मकरंदचे फुटलेले गुडघे पाहिले आणि पदराने पुसले. मग ती मंजरीसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने मुलीकडे असं समोरासमोर पाहिलं नव्हतं.

"मी तुला मत्सरी म्हटलं होतं," राणी म्हणाली. "तू खरं सांगत होतीस. तुला मी चालू दिलं ती माझी कृपा नव्हती, मंजरी. माझं लक्षच नव्हतं तुझ्याकडे. एकाला मी इतकं धरलं की त्याला काही दिसलं नाही, आणि दुसरीला इतकं सोडलं की मलाच ती दिसली नाही."

मंजरीने आईचा हात धरला आणि तिला वाळूत आपल्या शेजारी बसवलं. सगळ्या दुखण्यांवर तिथल्या तिथे औषध नसतं, पण शेजारी बसता येतं.

त्यानंतर किल्ल्याची कोठारं उघडली आणि सुगीपर्यंत गावांना धान्य मिळालं. घरं पुन्हा उभी राहिली. मकरंद पुन्हा पालखीत बसला नाही. धुळोजीने आणि त्याच्या भोयांनी ती आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी ठेवली. वैद्याकडे जायला लोक आता डोंगर चढत नसत, पालखी त्यांच्या दाराशी येई.

राजाला पाहायला शिकायला एक अख्खं वर्ष लागलं, आणि ते वर्ष सुखाचं नव्हतं. तो चौकटींवर आपटला, ओढ्यांत पडला, जेवताना त्याचा हात ताटाबाहेर पडायचा. मुलं त्याच्याकडे चेंडू टाकत आणि तो नाकावर घेई. पण चुकलं की तो पुन्हा हात पुढे करी. हळूहळू डोंगर एकमेकांपासून सुटे झाले आणि मधल्या दऱ्या भरून आल्या, सावलीने, धुक्याने, पाखरांनी. ज्या राज्यातून तो वीस वेळा गेला होता त्याच राज्यात तो पहिल्यांदा आल्यासारखा हिंडू लागला.

आणि मग त्याला आणखी काही दिसू लागलं, जे पायऱ्यांशी किंवा दऱ्यांशी संबंधित नव्हतं. पाण्याच्या घागरी घेऊन जाणाऱ्या बायका त्याने लहानपणापासून पाहिल्या होत्या. घागरींचा रंग त्याला पाठ होता. एकदा त्याने एका बाईची घागर उचलून विहिरीपासून तिच्या घरापर्यंत नेली, आणि पुढच्या पावसाआधी त्या गावात घरांजवळ दुसरी विहीर खणली गेली.

बहिणीशिवाय तो निवाडा देत नसे. तो विचारी, "मला हे असं दिसतं. तुला कसं दिसतं?" दोघांचं जुळलं नाही तर दोघंही उठून त्या जागी जात.

एकदा दोन शेतकरी बांधावरून भांडत दरबारात आले. दोघांनी आपापली बाजू मांडली. एक म्हणाला, "महाराज, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? आमचं शेत तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे."

"मला ते दिसलं होतं," मकरंद म्हणाला. त्याने पायांत वहाणा घातल्या आणि मंजरीला हाक मारली. "चला, आता पाहू या."

आणि तो उन्हातून त्यांच्यापुढे चालू लागला.

तात्पर्य: डोळे उघडले की दिसतं, ते मिळालेलं असतं, पाहणं मात्र ज्याचं त्याला उठून, चालून, चुकून कमवावं लागतं.